इंचभर आखूड

एकतीस वर्षं मी लिफ्टची कामं केली. नवी लिफ्ट बसवली किंवा जुनी दुरुस्त केली की माझी तपासणी ठरलेली. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरायचा, तळमजल्यावरून थेट वर जायचं, प्रत्येक मजल्यावर थांबत खाली यायचं. एक थेंब जरी सांडला तरी मी कागदावर सही करायचो नाही. हाताखालचे लोक वैतागायचे, पाठीमागे मला ‘पेलासाहेब’ म्हणायचे. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तर असा हा पेलासाहेब. याच पेलासाहेबानं स्वतःच्या बायकोला मोटरसायकलच्या मागच्या सीटवर वर्षानुवर्षं आदळत नेलं. आणि वर चारचौघांत म्हणायचा, “आमची मागची सवारी जरा नाजूक आहे बरं का.” मित्र हसायचे. तीही हसायची, म्हणून मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

गाडी घ्यायची कल्पना मुळात तिचीच. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दुकानात एक कॅलेंडर होतं, त्यात एका महिन्यावर दीपगृहाचं चित्र होतं. जमीन संपते तिथं, पार टोकाला, एकटंच उभं. महिना संपल्यावर तिनं ते पान मागून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. म्हणाली, “इथं जायचं. पण बसनं नाही, आगगाडीनं नाही. तुमच्या मागं बसून, वारा खात.” आमच्या घरापासून सहाशे किलोमीटर. मुलगी शिकायला बाहेर गेलेली, घर खायला उठलेलं. मी लांबच्या प्रवासाची मोठी गाडी घेतली, दोन्ही बाजूंना पेट्या, मागच्या माणसाला पाठ टेकायला गादी. म्हटलं, आधी जवळपास फिरून हात बसवू, मग दीपगृह.

पहिली दोन वर्षं फार छान गेली. हेल्मेटमुळे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिनं खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एकदा थोपटलं की ‘चला’. दोनदा थोपटलं की ‘हळू’. तेव्हा बहुतेक वेळा एकदाच थोपटायची, आणि गाडी सावकाश असली की मागून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं.

मग तो पेट्रोल पंपावरचा रविवार आला. उंची देताना देवानं माझ्या बाबतीत जरा हातच आखडता घेतलाय. गाडी उंच, माझे पाय थांबल्यावर जेमतेम टेकायचे, तेही फक्त पंजे. त्या दिवशी पंपावर जमीन उतरती होती. मी थांबलो, पाय टेकायला गेलो तर खाली जमीनच नाही! गाडी आडवी, मी आडवा, बायको बाजूच्या डबक्यात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बरोबर पाच मित्र होते, आणि त्यातला एक ओरडला, “अरे, याला स्टूल द्या रे कुणीतरी!” सगळे खो खो हसले. ही ओली बाही पिळत उभी होती, तीही हसली. तिचं हसणं साधं होतं हे आज कळतं. तेव्हा माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पुढच्याच आठवड्यात मी गाडीचे मागचे दोन्ही शॉक, म्हणजे दणके झेलणाऱ्या स्प्रिंगा, काढले आणि त्यांच्या जागी इंचभर आखूड असलेले बसवले. कडक, छोटे, दिसायला झकपक. गाडी मागून खाली बसली आणि माझ्या टाचा जमिनीला लागल्या. तिला सांगितलं, “नवे शॉक टाकलेत. एकदम मस्त.”

ती म्हणाली, “बरं केलंत.”

का टाकले ते मी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही. स्प्रिंगांमध्ये माझा जन्म गेलाय. लिफ्टच्या खाली खड्ड्यात मोठाल्या स्प्रिंगा असतात. स्प्रिंगेला दबायला जागा कमी दिली की ती तळाला जाऊन आपटते, आणि तो दणका वरच्याला बसतो. एवढं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण गाडी चालवणारा बसतो दोन चाकांच्या मध्ये. मागचा माणूस बसतो थेट मागच्या चाकाच्या वर. मला काहीच जाणवत नव्हतं. त्यामुळे विषय संपला.

तिच्यासाठी तो तिथून सुरू झाला. आता ती दोनदा थोपटायला लागली. आधी मी वेग कमी करायचो. मग जरासा कमी केल्यासारखं करायचो. मग तेही सोडून दिलं. घरी आल्यावर ती म्हणायची, “अहो, मागं फार दणके बसतात.” मी म्हणायचो, “अंग सैल सोडून बसत जा.” तिनं अंग सैल सोडून पाहिलं. मी म्हणालो, सीटवर फोम घाल. तिनं स्वतः कापून, शिवून घातला. मी म्हणालो, खड्डा दिसला की जरा उठायचं. आता माझ्या पाठीमागून तिला खड्डा दिसणार कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिनं कंबरेला पट्टा बांधला, सकाळी उठून व्यायाम सुरू केले. सहा वर्षं हे चाललं. माझ्या चुकीवर तिनं सहा वर्षं व्यायाम केला, दुसरं काय म्हणायचं याला.

आणि मग एकदाचे आम्ही दीपगृहाला निघालो. त्याला आता चार वर्षं झाली. नव्वद किलोमीटरपर्यंत ती दोनदा थोपटत होती. नंतर थोपटणंच बंद झालं. मला बरं वाटलं, म्हटलं बसली सवय. एकशे चाळीसाव्या किलोमीटरला एका गावात चहाला थांबलो, तर तिला गाडीवरून पाय उचलून उतरता येईना. दोन्ही हातांनी पेटी धरून ती तशीच उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

“मी बसनं परत जाते,” ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. “तुला यायचंच नव्हतं. सरळ सांगायचंस ना घरीच! एवढी सुट्टी काढली, तयारी केली, आणि आता हे नाटक.”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू बोलली, “लिफ्टमध्ये परक्या माणसांसाठी पाण्याचा पेला घेऊन वर-खाली करता. मी तुमची कोण?”

मी आणखीच चिडलो. तिला बसमध्ये बसवलंसुद्धा नाही. हेल्मेट माझ्या हातात देऊन ती एकटीच थांब्याकडं चालत गेली, एक हात कंबरेवर ठेवून. मी रागाच्या भरात वीस किलोमीटर पुढे गेलो. मागच्या सीटवर तिचं हेल्मेट दोरीनं बांधलेलं. मग गाडी वळवली आणि घरी आलो. ती माझ्या आधी पोचली नव्हती. बसला सहा तास लागले.

त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली. मणक्यातल्या दोन चकत्या दबल्या होत्या. पुढच्या खेपेला मी बरोबर गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नक्की कशामुळं ते सांगता येत नाही. वय असतं, उभ्यानं काम असतं. दणके बसले असतील तर त्यांनीही भर घातली असणार.” मी यातलं ‘वय असतं’ तेवढं घट्ट पकडून ठेवलं. चार वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

यंदा मी निवृत्त झालो. घरात दोघंच, दिवस लांबलचक. एके सकाळी कपाटातून शर्ट काढताना ते कॅलेंडरचं पान दिसलं. कडा पिवळ्या पडलेल्या, पण तिनं काढून टाकलं नव्हतं. मला वाटलं, चांगले मऊ शॉक टाकू, तिला मनवू, सावकाश जाऊ, चार दिवस लागू देत. तिला न सांगताच गाडी काढली आणि शॉकवाल्या ताईकडं गेलो.

ताई म्हणजे चाळिशीची, ठसठशीत आवाजाची बाई. गावात एवढं एकच काम करणारी ती एकटी, म्हणून लांबून लोक येतात. भिंतीवर शॉक ओळीनं टांगलेले, लाल, काळे, पिवळे. मी खिशातून कागद काढला. तीन प्रकार लिहून नेले होते, गॅसचे, तेलाचे, डबीवाले, पुढं माझी मतं. तिनं कागद बघितलासुद्धा नाही.

“मागं कोण बसतं?”

“बायको.”

“वजन?”

मी कागदाची घडी घातली. एकतीस वर्षं प्रत्येक लिफ्टच्या दारावर मी वजनाची पाटी लावली; किती माणसं, किती किलो, सगळं तोंडपाठ. बायकोचं वजन मला माहीत नव्हतं.

“असेल साधारण...” मी सुरुवात केली.

“साधारण नको. त्यांना घेऊन या. दोघं बसल्यावर गाडी किती दबते ते मोजूनच मी स्प्रिंग देते.” मग तिनं वाकून माझे जुने शॉक बघितले, कमरेची टेप काढून वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. “हे मूळचे नाहीत. इंचभर आखूड आहेत. कुणी बसवले हे?”

“आधीच्या मालकानं,” मी म्हणालो.

गाडी मी कोरी घेतली होती. साठी ओलांडलेला माणूस, एका अनोळखी बाईसमोर असं धडधडीत खोटं बोलला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तिनं हात पुसले, हेल्मेट घातलं आणि माझ्या गाडीवर पुढं बसली. “बसा मागं.”

“मी? कशाला?”

“माझ्याकडं असंच असतं. मागं बसून आल्याशिवाय मी कुणाला शॉक विकत नाही.”

आपल्याच गाडीवर, बाईच्या मागं, पेटीला धरून बसायचं! रस्त्यावरचं कुणी ओळखीचं बघतंय का, हे मी आधी बघून घेतलं. मग बसलो. दुकानामागं एक साधा रस्ता होता, फार वाईट नाही, असा रस्ता मी रोज कापतो. पहिल्या खड्ड्याला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला कंबरेतून कळ उठून थेट डोक्यात गेली. पुढचं काही दिसत नव्हतं. दणका कधी येणार तेच कळत नव्हतं, त्यामुळे अंग सारखं आवळून बसलो होतो. अंग सैल सोड म्हणे! गतिरोधकावर तर मी सीटवरून उडालो आणि परत आदळलो. माझा हात आपोआप उठला आणि मी ताईच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

तिनं ताबडतोब गाडी हळू केली. तिला आमच्या खुणा कुणी सांगितल्या नव्हत्या, तरी तिला कळलं. तीन किलोमीटर झाले असतील जेमतेम. बायकोनं सहा वर्षं काढली.

दुकानात परत आल्यावर मला पाच मिनिटं नीट उभं राहता येईना. ताईनं पाणी दिलं. मी म्हणालो, “आधीच्या मालकानं नाही. मीच बसवले.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पाय पोचत नव्हते ना? लई लोक करतात. बायकांना सांगत नाहीत.” मग भिंतीवरचा एक काळा जोड काढून माझ्यासमोर ठेवला. पूर्ण उंचीचे, मऊ, बाजूला एक गोल खुंटी. दोघं बसताना ती फिरवून स्प्रिंग आवळायची, एकटं असताना सैल करायची. “हे घ्या. पण टाचा टेकणार नाहीत, आधीच सांगते.”

“नकोत टेकायला,” मी म्हणालो.

घरी गेलो. बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती, पाठीमागं उशी लावून. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. पंपावरचं हसणं, टाचा, इंचभर आखूड शॉक, आजची मागची सीट, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता तोंडसुख घेईल. घ्यावं, मला हवंच होतं.

तिनं भाजीची रिकामी पिशवी उचलून तिची घडी घातली. मग म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”

“नाही गं.”

“मला वाटायला लागलं होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. बाकीच्या बायका बसतात, मलाच का होत नाही. व्यायाम करताना मी स्वतःलाच शिव्या द्यायचे.” तिनं पदरानं नाही, हातातल्या भाजीच्या पिशवीनंच डोळे पुसले. “नाजूक म्हणायचात ना मला सगळ्यांसमोर. ते मला खरं वाटायला लागलं होतं हो.”

मी म्हणालो, “चुकलं माझं.” एवढ्याशा शब्दांना मला दहा वर्षं लागली होती, आणि बोलून झाल्यावर ते पार फुसके वाटले.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, “डॉक्टरांना विचारून येते.” मीही बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, चालवून बघितलं, वाकवून बघितलं. “चांगला रस्ता असेल तर बसा. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. त्यापुढं नाही.”

मी विचारलं, “आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षीही नाही,” त्या म्हणाल्या. “या चकत्या परत भरून येत नसतात.”

घरी आल्यावर तिनं कपाट उघडलं. मला वाटलं, पान फाडणार. तिनं जाकीट काढलं आणि कपाट लावून टाकलं. “चला तुमच्या ताईकडं. वजन मोजायचंय ना माझं?”

ताईनं नवे शॉक चढवले, तिला गाडीवर बसवलं, टेपनं मोजलं, खुंटी फिरवली, परत मोजलं. दोघींचं पाच मिनिटांत जमलं. ताई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “वहिनी, यांना मी मागं बसवून आणलंय बरं का.” ही म्हणाली, “ओरडले का?” “ओरडले नाहीत, पण रंग उडाला होता.” दोघी हसल्या. मी भिंतीवरचे नट आवळायचे पाने मोजत उभा राहिलो.

रविवारी आम्ही निघालो. गावाबाहेरचा सरळ, गुळगुळीत रस्ता धरला. मी पंजांवर तोल सांभाळत सिग्नलला थांबलो. पाय थरथरत होते, पडलो असतो तरी चाललं असतं. पहिला गतिरोधक आला. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली. मी खांद्यावर थोपटण्याची वाट बघत होतो, ते आलं नाही. गाडी सावकाश चालली होती; थोड्या वेळानं मागून काहीतरी ऐकू आलं. ती गुणगुणत होती. दहा वर्षांनी.

काट्यावर पाच किलोमीटर झाले. मी गाडी कडेला घेतली. समोर रस्ता लांबवर जात होता, एका टेकडीला वळसा घालून. दीपगृहाकडं जाणारा हाच रस्ता.

तिनं माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं.

मी हललो नाही. तिनं पुन्हा थोपटलं, एकदाच. मी हेल्मेटची काच वर केली. “पाच झाले.”

“काही दुखत नाहीये मला. अजिबात नाही. त्या वळणापर्यंत जाऊ.”

“नको.”

“अहो, एवढं तर आहे.”

“नको म्हटलं ना. डॉक्टर काय म्हणाल्या?”

ती म्हणाली, “ऐकायला लागलात की. तेही डॉक्टरांचं.” आणि हसली, पंपावर हसली होती तशीच साधी. मला हसू आलं नाही.

“मला उतरू द्या, मग वळवा,” ती म्हणाली. “नाहीतर पाडाल परत डबक्यात.”

ती सहज उतरली, पेटीला न धरता. मी पंजांनी ढकलत ढकलत गाडी मागंपुढं केली आणि घराकडं तोंड करून थांबलो. वळून बघितलं, तर हेल्मेट हातात घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, माझ्याकडं पाठ करून, त्या वळणाकडं बघत. वाऱ्यानं तिचे केस उडत होते. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. गाडी जड होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या, टाचा हवेत होत्या. मी तसाच गाडी धरून उभा राहिलो आणि तिला घाई केली नाही.